माशांची घंटा

नऊ माणसांचा परवाना असलेल्या जीपमध्ये मी तेवीस माणसं, दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन बसवून डिंभ्याहून घोडेगावला नेलेलं आहे. चोविसावा मी. म्हणजे गाडी मी चालवत होतो असं आपलं म्हणायचं. माझा उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं बूड गाडीच्या बाहेर होतं, आणि आतला बबन बाहेरच्या बबनला विचारून ब्रेक मारत होता. कुणाला खोटं वाटत असेल तर त्या तेविसातले तिघं अजून हयात आहेत. शेळ्या नाहीत.

आमच्या धंद्याला वडाप म्हणतात. ज्यांच्या दारात दर पाच मिनिटांनी बस येते त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या डोंगराच्या अंगाला एसटी येते, येत नाही असं मी म्हणणार नाही. पण कधी येते हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. म्हणून वडाप. त्याला टाइमटेबल नाही. गाडी भरली की निघायची, आणि भरली का नाही हे ड्रायव्हरनं ठरवायचं. ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना माणसं, मधल्या लायनीत पाच, मागच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकडी आणि त्या बाकड्यांच्या मध्ये आडवी टाकलेली एक सागवानी फळी. फळीवर तिघं. ही फळी कुठल्याच कायद्यात बसत नाही, पण तिच्यावर माणसं फार छान बसतात.

वडापचा आणखी एक नियम आहे. लहान पोराला जागा नसते, मांडी असते. कुणाचीही. आई मागं हौद्यात लटकलेली असली की पोर डोक्यावरून पुढं येतं, ओळख ना पाळख अशा म्हातारीच्या मांडीवर बसतं, ती त्याचं नाक पुसते, शेंगदाणे चारते आणि उतरताना शेजारणीच्या मांडीवर देऊन जाते. सव्वीस वर्षांत ह्या नियमानं एकही पोर हरवलं नाही. जे एक हरवलं ते नियमानं नाही हरवलं. माझ्या तोंडानं हरवलं. ते सांगायलाच बसलोय, पण थोडं थांबा.

एका लग्नात नवरीचं लोखंडी कपाट टपावर बांधलं होतं. त्याचं दार वाऱ्यानं उघडायला लागलं म्हणून नवरीचा मामा आतून दार धरायला कपाटात बसला. मांडवात कपाट उघडलं तर मामा घोरत होता, उठवला तर म्हणाला, "एवढ्यात आलं व्हय?" दुसरी एक म्हातारी, खुराड्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली, म्हणाली, "दादा, हळू घे, तिचं दिस भरल्यात." मी असा हळू घेतला की घोडेगावला उतरताना म्हातारीनं दोन पिल्लं जास्त उतरवली.

आणि ह्याच गाडीत मी मेलेली माणसंही आणली आहेत. दवाखान्यातून घरी न्यायला दुसरं वाहन मिळत नाही म्हणून दोन लेकांच्या मध्ये बसवून, डोक्याला उपरणं गुंडाळून. बाकीच्या सीटांना कळायचं. आम्ही प्रवाशाला सीटच म्हणतो. सगळ्यांना कळायचं आणि कुणीही त्याबद्दल अक्षर काढायचं नाही. उतरताना बायका त्या लेकांच्या खांद्यावर नुसता हात ठेवून जायच्या. त्या फेरीला मी पण गप्प.

एरवी गप्प राहून चालत नाही. ड्रायव्हर गप्प बसला की सीटांना खड्डे कळतात. म्हणून मी बोलायचो. मूठभर खरं घ्यायचं, पाटीभर पाणी घालायचं, घोडेगाव येईपर्यंत ढवळायचं. लोक म्हणायचे, "बबनच्या गाडीत पोट दुखतं ते हसून का दाटीनं, कळत न्हाई राव."

तर दहा-अकरा वर्षांपूर्वी एका जूनमध्ये माझ्या गाडीत ते कुटुंब बसलं. नवरा, बायको, सहा वर्षांची पोरगी, तीन वर्षांचा पोरगा. फिनलंडचे. नवऱ्याचं नाव योहान, बायको हेलेना, पोरगी सन्ना आणि धाकटा पेक्का, ज्याचं आम्ही दुसऱ्याच दिवशी पक्क्या केलं. डिंभे धरणाच्या काठानं जो रस्ता वर जातो, त्याच्यावर आमची वस्ती. तिथंच एक लहानसं मिशनचं वसतिगृह होतं, डोंगरातल्या पोरांसाठी. योहान तिथं पोरांना सुतारकाम शिकवायचा आणि रविवारी पाचसहा ख्रिस्ती घरांची प्रार्थना घ्यायचा.

पहिल्या फेरीला आमच्या वस्तीवरच्या गंगूबाईनं त्या पोरीकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. पोरीचे केस पांढरे, कापसासारखे. "आगं बया," गंगूबाई म्हणाली, "एवढ्याशा जिवाचं केस पिकलं की! काय काय भोगलं आसंल पोरीनं!" आणि तिनं खरोखर डोळे पुसले. मी सांगितलं, ताई, तिकडं बर्फ पडतो, तो डोक्यावरून जात नाही. गाडीला ते पटलं.

हेलेनानं एक निळी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. पट्टेवाली. ती मधल्या लायनीत दोरीनं बांधायची आणि पक्क्याला तिच्यात जखडायचं.

"बाई, ह्या जागेत तीन सीटं बसत्यात," मी म्हणालो.

ती मराठी शिकून आली होती, पण पुस्तकातून. "बबनराव, कृपया. अपघात झाल्यास ह्याने बालकाचे रक्षण होते."

"आपघात? बाई, हितं माणसाला शिंकायला जागा न्हाई. आपटंल कुठं?"

गाडी हसली. तिला हसण्याचं कारण कळलं नाही, पण आपल्याला हसतात हे कळलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. उन्हानं सोललेलं नाक, अंगावर घामोळं, मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेली पिशवी. पहिले चार-सहा महिने ती बाई तशीच बसायची. पोरांना कुणी हात लावला की तिचे खांदे वर जायचे. उकळलेलं पाणी तीन बाटल्यांत. दर आठवड्याला एक पोरगं तापानं फणफणलेलं. रात्री वसतिगृहाच्या खोलीत रडण्याचा आवाज यायचा आणि तो पोरांचा नसायचा, असं शेजारीण सांगायची.

मग एकदा वळणावर पक्क्या ओकला. खुर्चीत जखडलेला, मान वळवता येईना. हेलेनाचे हात पट्ट्याशी झटतायत, पट्टा सुटेना. गंगूबाईनं बोटानं एक खटका दाबला, पोर बाहेर काढलं, मांडीवर पालथं घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि बटव्यातला ओवा चघळायला दिला. पोर तिथंच झोपलं. हेलेना बघत बसली. थोड्या वेळानं हौद्यातून कुणाचं तरी तान्हं डोक्यांवरून पुढं आलं, आणि जागा नव्हती म्हणून थेट तिच्या मांडीवर. तिनं ते घेतलं. घोडेगावपर्यंत त्या पोराच्या टाळूवर हनुवटी टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आली नाही. नंतर वसतिगृहात त्या खुर्चीत मेथी-कोथिंबीर ठेवायला लागले.

लोक मला म्हणायचे, "बबन, सांबाळून. बाटवतील तुला." मी म्हणायचो, बाटवायला आधी माणसाला एका जागी बसवावं लागतं, ते माझ्या बायकोला जमलं नाही. खरं सांगतो, त्या माणसांनी मला अडीच वर्षांत एकदाच प्रार्थनेला बोलावलं, आणि तेही चहा आहे म्हणाले.

मोठी माणसं शिकतात त्याच्या दहापट वेगानं पोरं शिकली. सन्ना घोडेगावच्या शाळेत जायला लागली आणि वर्षभरात आमच्यासारखी बोलायला लागली. आई म्हणायची, "सन्ना, आपण उशीर करीत आहोत," आणि ती म्हणायची, "आगं आलेऽऽ, लई घाई करती." गाडीत सगळ्यात मोठा आवाज तिचा. ती गायची. शाळेतली गाणी, त्यांच्या देवाची गाणी, गंगूबाईनं शिकवलेल्या जात्यावरच्या ओव्या. धरणाच्या कडेनं गाडी जाताना पुढं माझ्याशेजारी बसून पाण्याकडं बघायची. तिच्या देशात म्हणे घरागणिक तळं. पोरं चालायला शिकतात ती तळ्याकडंच.

एक दिवस तिनं विचारलं, "काका, ह्या पाण्याखाली काय हाय?"

पाण्याखाली आमचं गाव आहे. धरण झालं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. वरच्या वस्तीला आम्ही तेव्हाच आलो. हे मी तिला सांगू शकलो असतो. पण गाडीत चौदा सीटं होती आणि खड्डे सुरू झाले होते.

"खाली गाव हाय," मी म्हणालो. "आन गावात भैरोबाचं देऊळ. देवळात घंटा. आता खाली माणसं न्हाईत, मंग घंटा कोण वाजवतं?"

"कोण?"

"मासं. मोठा मरळ पुजारी हाय. बाकीचं रांगेत येत्यात. उन्हाळ्यात पाणी उतारलं, की दुपारी बारा वाजता काठावर हुबं ऱ्हायलं तर घंटा ऐकू येती."

गाडी हसली. सन्ना हसली नाही. तिनं पाण्याकडं बघितलं आणि मान हलवली, जसं काही तिला हे आधीपासून वाटतच होतं. मग रोज विचारायची. मरळाला बायको आहे का? प्रसाद काय देतात? मी रोज एक पाटी पाणी घालायचो. असं गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

एप्रिलचा शेवट. परीक्षा संपली, शाळा लवकर सुटली. मी दोघा भावंडांना साडेअकराला त्यांच्या वळणावर उतरवलं. पक्क्या तेव्हा घोडेगावच्या बालवाडीत जायचा. निघताना मी आरशात बघितलं. पक्क्या एकटाच घराकडं चालला होता. सन्ना दिसली नाही. वाटलं असेल मागं.

एक वाजता परत आलो तर रस्त्यावर बायामाणसं जमलेली. हेलेना अनवाणी. योहान पुण्याला कुठल्यातरी कागदासाठी गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता.

"बबनराव, सन्नाला आपण कोठे उतरविले?"

"हितंच की बाई."

"ती घरी आली नाही."

विहिरीत बघून झालं होतं, रानात हाका मारून झाल्या होत्या. कुणी म्हणालं, पोरं पळवणारी गाडी फिरतीय. मी समोरून येणाऱ्या पहिल्या जीपला थांबवलं. आमचं असं असतं, दोन गाड्या खिडकीला खिडकी लावून थांबतात आणि एक वाक्य ह्या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जातं. त्या काळी डोंगरात मोबाइलला रेंज नव्हती तिथं आमची ही रेंज. अर्ध्या तासात मंचरपर्यंतचे सगळे ड्रायव्हर पांढऱ्या केसांची पोरगी शोधायला लागले.

हेलेनानं पक्क्याला खांद्याला धरून हलवलं आणि त्यांच्या भाषेत काही विचारलं. पोरगं घाबरलेलं, मराठीतच बोललं, "ताई माशाची घंटा बघाया गेली."

बायका म्हणाल्या, पोराला काय सुधरंना, कायबी बडबडतंय. हेलेनानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेलो नाही. मी म्हणालो, "मी वरच्या अंगाला बघून येतो," आणि गाडी खालच्या अंगाला घातली.

बाहेरगावच्या माणसाला धरणाचा गाळ माहीत नसतो. पाणी मागं हटलं की जमीन वरून वाळते, भेगा पडतात, माणूस खुशाल चालत जातो. पण पाण्याच्या जवळ नुसता वरचा पापुद्रा वाळलेला असतो आणि खाली कमरेएवढी लापशी. आमची पोरं जन्मापासून ऐकतात, उन्हाळ्यात पाण्याकडं जायचं नाही. तिनं ऐकलेलं वेगळं. तिच्या तळ्याला तळाशी वाळू असते.

टेकाडावरून मला पांढरा ठिपका दिसला. केस. आणि आवाज आला, बारीक, बसलेला. "काकाऽऽ."

मी धावलो नाही. धावलो असतो तर दोघं गेलो असतो. मागं फिरलो, हौद्यातली फळी उपसली, ती डोक्यावर घेतली, आणि मग धावलो. पडक्या भिंतींमधून, दगडी जोत्यांवरून, कशाकडंही न बघता. पुढं भुई हलायला लागली तिथं फळी टाकून आडवा झालो आणि फळी पुढं सारत सरपटत गेलो. ती कमरेच्या वर गाळात होती. पण हलत नव्हती. दोन्ही हात पसरून, छाती आणि गाल चिखलावर टेकून, होडीसारखी सपाट पडली होती. नंतर हेलेनानं सांगितलं, तिकडं बर्फ फुटून कुणी पाण्यात गेलं तर असंच करायला शिकवतात. झटापट करायची नाही, हात पसरायचे, हाका मारायच्या. आपल्याकडं कधी न पडणाऱ्या बर्फासाठी शिकलेलं त्या पोरीला आमच्या चिखलात कामी आलं.

तिच्या काखेत हात घातले आणि ओढली. पहिल्यांदा आली नाही. दुसऱ्यांदा आली नाही. तिसऱ्या वेळी मी भैरोबाला म्हणालो, तिच्या येशूलाही म्हणालो, जो मोकळा असेल त्यानं या. आली. दोन्ही बूट खाली राहिले.

फळीवर ती माझ्या छातीशी लागून होती. ऊन असं की चिखल अंगावर तडकत होता, आणि ही थंडीनं कुडकुडावं तशी कुडकुडत होती. मग तिनं विचारलं, "काका, घंटा वाजली न्हाई. का?"

टेकाडावर माणसं दिसायला लागली होती, माझी गाडी खाली वळलेली बघून आली असणार. पुढं हेलेना. खरं बोलायला तेवढाच वेळ लागला असता. पण तोंडाला वळण एकच.

"तू लई वरडलीस ना," मी म्हणालो, "मासं भ्यालं. आता कुणाला सांगू नकोस, न्हायतर परत कधीच वाजायची न्हाई."

तिनं मान हलवली.

पुढं काय झालं असेल ते वाचकांनी ओळखलं असेल. बबननं पोर वाचवलं! पक्क्याची बडबड फक्त बबनला कशी कळली? देवानं सुचवलं. रविवारी त्यांच्या प्रार्थनेत योहाननं माझं नाव घेऊन त्यांच्या देवाचे आभार मानले. ग्रामपंचायतीनं शाल आणि नारळ दिला. सरपंच म्हणाले, "बबनशेठ, दोन शब्द बोला." ज्या माणसाला दोन हजार शब्दांखाली थांबता येत नाही तो म्हणाला, "काय न्हाई, आपलं कर्तव्य." टाळ्या वाजल्या. सन्ना पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवत होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. हेलेना रोज सकाळी पोरांना वळणावर आणायची आणि माझ्याच गाडीत बसवायची. मला वाटलं, निभावलं. फक्त एक बदल झाला होता. सन्ना गाईना. बोलायची ते हळू, समोरच्याच्या कानापुरतं. गंगूबाई म्हणायची, "पोरगी घुमी झाली." मी म्हणायचो, मोठी झाली. दीड वर्ष मी असं म्हणत होतो. धरणाच्या कडेला गाडी आली की ती तोंड मिटून घ्यायची, देवळापुढून जाताना आपण गप्प होतो तशी. मी गोष्टी सांगतच होतो. आता जरा जोरातच.

मग त्यांचा राहायचा कागद वाढवून मिळाला नाही. का, ते ऑफिसनं सांगितलं नाही. योहान तीन वेळा पुण्याला जाऊन आला आणि चौथ्यांदा सामान बांधायला लागला. मी म्हणालो, विमानतळावर माझ्याच गाडीतून जायचं. वस्ती निरोपाला रस्त्यावर आली. गंगूबाईनं पक्क्याच्या दोन्ही खिशांत ओवा भरला. हेलेना तिच्या गळ्यात पडून रडली, आणि रडताना तिची मराठी पहिल्यांदा पुस्तकातून बाहेर आली. "येते गं बाय," म्हणाली.

मंचर गेलं. गाडीत कधी नव्हे ती चारच माणसं, आणि मला एक शब्द सुचेना. पेठ गावाशी पक्क्याला लघवीला जायचं होतं. योहान त्याला घेऊन टपरीमागं गेला. सन्ना मधल्या सीटवर पुस्तक धरून बसलेली. हेलेना आणि मी बॉनेटपाशी चहा घेत उभे.

"ताई, एक सांगायचं हाय."

तिनं ग्लास बॉनेटवर ठेवला. काय म्हणून विचारलं नाही. मी सांगितलं. मरळ, प्रसाद, रोजची एकेक पाटी. आणि फळीवरचं ते वाक्य. ते सांगताना मी टपरीच्या पत्र्याकडं बघत होतो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी कळले. तिला ताप होता. ती झोपेत बोलत होती."

"मंग दीड वर्स बोलला का न्हाई?"

"मी विचारले असते, तर तुम्ही मला एखादी गोष्ट सांगितली असती."

आयुष्यात मला एवढं नेमकं कुणी ओळखलं नाही. "आन तरी रोज पोरं माझ्या गाडीत बसवली?"

"तुम्ही गोष्टी खोट्या सांगता, गाडी मात्र खरी चालवता, बबनराव." जराशी हसली आणि लगेच हसू गेलं. "मला फार राग होता. मग राग कमी झाला. पण तिच्या मनात ते तसेच आहे. मी तिला किती वेळा सांगितले, मासे घंटा वाजवीत नाहीत. ती म्हणते, ते काकांचे गाव आहे, काकांना ठाऊक. आपण ओरडल्यामुळे देवळातली पूजा थांबली, असे तिला वाटते. ते माझ्या सांगण्याने जात नाही." तिनं गाडीकडं बघितलं. "आज आम्ही जात आहोत. हे तिच्याबरोबर तिकडे जाऊ नये."

मी गाडीत चढलो आणि सन्नाच्या शेजारी बसलो. वडाप चालवायला लागल्यापासून मधल्या लायनीत बसायची माझी पहिलीच वेळ. तिथून रस्ता वेगळा दिसतो.

"सन्ना, मासं भ्यालं न्हवतं."

तिनं पुस्तक मिटलं.

"घंटा तिथं न्हवतीच. गाव उठलं तवा आमी पोरांनी ती काढली आन बांबूला बांधून वर आणली. माझ्या खांद्याला महिनाभर सूज व्हती. वरच्या नव्या देवळात हाय ती. तू रोज शाळंला जाताना तिच्यापुढनं गेलीस. मासं, मरळ, समदं मी बनवलेलं. आन तू वरडलीस म्हणून तर मला सापडलीस. ते तू बरोबर केलंस. मी खोटं बोललो. दोनदा. दुसऱ्या खेपेला तर माझी अब्रू जाऊ नये म्हणून."

साडेआठ वर्षांचं पोर रडेल, चिडेल, मारेल, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, सीट उतरताना सुट्टे पैसे बघते तशी, नीट. मग तिनं विचारलं, "मंग पाण्याखाली खरं काय हाय?"

"आमचं घर हाय."

"कसलं?"

"लहान. दगडी जोतं राह्यलंय, भिताडं पडली. तू जिथं अडकलीस ना, त्याच्या अलीकडंच. मी फळी घेऊन तुझ्याकडं पळालो तो आमच्या उंबऱ्यावरनं. तवा ध्यानात बी आलं न्हाई. घरी जाऊन हातपाय धुताना कळलं."

"तुमी दर उन्हाळ्यात बघाया जात न्हाई?"

"न्हाई. पाणी आल्यापास्नं तवाच पहिल्यांदा गेलो."

"का?"

लोकांनी माझ्या गोष्टींना हजार वेळा 'का' विचारलेलं आहे आणि दर वेळी माझ्यापाशी वीस उत्तरं तयार असायची. ह्या वेळी आत हात घातला तर एकच निघालं. "भ्या वाटायचं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. योहान पक्क्याला घेऊन आला. ती सीटवरून उतरली आणि पुढं माझ्याशेजारी येऊन बसली, पाय आखडून, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. हेलेना मागं बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

गाडी सुरू केली. "मंग सांगा," सन्ना म्हणाली. "घराचं सांगा. दारापास्नं."

मी दारापासून सुरुवात केली. उंबऱ्याचा दगड कसा होता, डावीकडं फणस, त्याला बैल बांधायचो ती जागा. ओसरीला किती खांब. पाण्याची पाटी उचलायला दोनदा हात गेला आणि दोनदा मागं घेतला. चार खांब होते, चारच सांगितले. माझी आई पाणी शिरायच्या आदल्या दिवशी चूल सारवत होती, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ते सांगताना गाडी थोडी हळू झाली. राजगुरुनगर मागं पडलं तरी मी अजून आमच्या स्वयंपाकघरातच होतो, आणि ती म्हणत होती, "सावकाश सांगा काका. इमानाला लई येळ हाय."